ऋणनिर्देशाच्या पानावरची माणसं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध काढून बसले की मी आधी शेवटचं प्रकरण उघडायचे. निष्कर्ष काय आहेत, ते आपल्या विषयाच्या आड येतात का, एवढं बघायचं आणि पुढचा प्रबंध मागायचा. गेल्या पावसाळ्यात ही सवय मोडली. माझं तिसरं प्रकरण गाईड सरांकडून लाल शाईत न्हाऊन परत आलं होतं. विषय कापसाच्या मुळांभोवतीच्या बुरशीचा. प्रयोग ठीक होते, आकडे ठीक होते, पण सरांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘यात तुला काय म्हणायचंय ते मला कळलं नाही.’ दहावीपर्यंत मराठी माध्यम, बीएस्सीला गाईडं पाठ करून इंग्रजी, एमएस्सीला प्रॅक्टिकलची जर्नलं. सलग दहा पानं स्वतःची अशी मी कधी लिहिलीच नव्हती. त्या दिवसांत ग्रंथालयात बसून मी काही न करता नुसती ऋणनिर्देशाची पानं वाचत राहिले.

तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिसच्या विचारात असाल, तर ही पानं जरूर वाचा. त्यांचा एक ठरलेला साचा असतो. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी, मग आईवडील, पत्नी (पती क्वचित), मित्र. आणि अगदी तळाला, बाइंडिंगच्या दोऱ्याला लागून, एक ओळ: सुबक टंकलेखनाबद्दल अमुक यांचे आभार. कधी नाव असतं, कधी फक्त ‘टंकलेखक’. यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांचे वेगवेगळ्या विषयांतले प्रबंध चाळताना एक नाव मला पुन्हा पुन्हा भेटलं. वनस्पतिशास्त्रात तेच, वाणिज्यात तेच, मराठीतही तेच. मार्गदर्शक बदलत होते, हा माणूस तोच होता.

मग मी त्यांना शोधलं. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांनीच नको म्हटलं. काका म्हणू.

काकांची गोष्ट सांगण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण संशोधन करणाऱ्याच्या शेजारी बसून त्याला लिहायला मदत करणारी माणसं आपल्या भागात टाइपरायटरच्या कितीतरी आधीपासून आहेत. रिद्धपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. आज तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालंय. इ.स. १२७८ च्या सुमारास तिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं काम केलं. चक्रधरस्वामी निघून गेले होते आणि त्यांच्या आठवणी वेगवेगळ्या माणसांकडे विखुरलेल्या होत्या. म्हाइंभट त्या गोळा करत होते आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेत होते. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मला हे वाचताना सरळ सरळ फील्डवर्क आणि मार्गदर्शक दिसतात. पंथाच्या परंपरेतली आणखी एक आठवण स्मृतिस्थळात आहे. केसोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. अशानं पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायांना काही मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाचणारा कोण आहे हे लिहिणाऱ्याला आठवून देणं, हे काम करणारा मार्गदर्शक सातशे वर्षांपूर्वी होता. मला तो गेल्या वर्षी भेटला, लाल शाईच्या रूपात.

पुढे लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि पाठ असणाऱ्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असं परंपरा सांगते. त्यात हिराइसा या बाईंचं नाव आहे. एका स्त्रीच्या स्मरणावर उभा असलेला पाठ तिच्या नावानं ओळखला जातो, हे मला फार मोठं वाटतं. का, ते पुढे येईलच.

महानुभावांच्या पोथ्या नंतर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि मठांत बंद राहिल्या. बाहेरच्यांना त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाचता येऊ लागल्या, त्यात वि. का. राजवाड्यांचं नाव सगळे घेतात. पण लिपी उलगडली म्हणजे प्रबंध लिहिता येत नाही. कोणत्या पोथ्या आहेत, कोणाच्या आहेत, काय विषयाच्या आहेत, ही यादी कोणीतरी करावी लागते. ती करणारा माणूस यवतमाळचा होता. यशवंत खुशाल देशपांडे. ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे त्यांचं पुस्तक १९२५ चं. त्याच्या दोनच वर्षं आधी, ४ ऑगस्ट १९२३ ला, नागपूर विद्यापीठ स्थापन झालं होतं. विदर्भात पीएचडी ही गोष्टच अजून रुळायची होती, आणि यवतमाळसारख्या गावात शारदाश्रम नावाची संशोधनसंस्था काढून हा माणूस पोथ्या जमवत होता.

पुढे वि. भि. कोलते यांनी महानुभाव साहित्यावर आयुष्यभर काम केलं, त्यांचं संपादित लीळाचरित्र १९७८ साली राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलं. अ‍ॅन फेल्डहाउस अमेरिकेतून येऊन याच विषयात शिरल्या. शं. गो. तुळपुळे यांच्यासोबत त्यांनी केलेला जुन्या मराठीचा शब्दकोश १९९९ मध्ये आला, तेव्हा तुळपुळे हयात नव्हते. आय. एम. पी. रेसाइड यांनी १९६० मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात महानुभाव ग्रंथांची सूचीच छापली. सूची करणाऱ्याला डॉक्टरेट मिळत नाही. पण ती सूची हाताशी धरून किती जणांना मिळाली असेल!

विज्ञानातही असंच आहे, फक्त तिथे मदत टेबलाच्या रूपात येते. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण) केंब्रिजला गेल्या तेव्हा डेरेक रिक्टर यांनी त्यांना स्वतःचं टेबल वापरायला दिलं. मग रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. १९३९ मध्ये पीएचडी. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता असं सांगतात. आमच्याकडे रिव्ह्यू ऑफ लिटरेचरच चाळीस पानांत बसत नाही.

आणि मार्गदर्शकाची मदत म्हणजे सहमती, असंही समजू नका. डॉ. आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आलं, त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. कॅनन तिथे मोकळेपणानं सांगतात की यातल्या काही मुद्द्यांशी ते सहमत नाहीत, आणि तरी मांडणीतल्या ताजेपणाचं कौतुक करतात. हे पान मी प्रिंट काढून टेबलासमोर लावलंय. (सरांनी एकदा बघितलं, हसले, काही बोलले नाहीत.)

आता काकांकडे येऊ.

त्यांचं दुकान आजही आहे. आता तिथे झेरॉक्स, फॉर्म भरणं, फोटो काढून देणं चालतं. पूर्वी ती टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मराठी तीस, इंग्रजी चाळीस अशा परीक्षांची मुलं सकाळी, आणि संध्याकाळी कॉलेजचे प्राध्यापक आपापल्या प्रबंधांची हस्तलिखितं घेऊन. त्या वेळी विद्यापीठ नागपूरचं. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं आणि यवतमाळ त्याच्याकडे आलं. आधी एसटीनं नागपूर गाठावं लागायचं, आता अमरावती, म्हणजे एका दिवसात जाऊन परत येता येऊ लागलं. काका म्हणतात, तेव्हापासून त्यांचं काम वाढलं.

दुकानात कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली दोन गोदरेज मशीन आहेत, एक इंग्रजी, एक मराठी. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला. इंग्रजी मशीन काकांनी मला उघडून दाखवलं. चार प्रती काढायच्या म्हणजे चार कागद, तीन कार्बन. सगळ्यांत खालच्या प्रतीवर अक्षर उमटायला हवं म्हणून बोट जोरात मारायचं. चूक झाली तर चारही प्रतींवर वेगवेगळी खोडायची, आणि खोडताना मागच्या कागदावर कार्बन उमटू नये म्हणून मध्ये चिठ्ठी सरकवायची. ते पांढरं करेक्शन फ्लुइड अमेरिकेत डॅलसच्या एका सेक्रेटरीनं, बेट नेस्मिथ ग्रॅहम हिनं शोधून काढलं हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, “टायपिस्टच काढन. दुसऱ्याले काय गरज?”

विज्ञानाचा प्रबंध म्हणजे त्यांच्यासाठी डोकेदुखी आणि अभिमान दोन्ही. अंशाचं चिन्ह हवं तर रोलर अर्धा घर फिरवून छोटा ओ मारायचा. घातांक तसाच. म्यू, लॅम्डा, अल्फा यांच्यासाठी जागा सोडायची आणि नंतर काळ्या शाईनं हातानं भरायची, चारही प्रतींत. तिरपी अक्षरं मशीनवर नाहीत, म्हणून वनस्पतींची शास्त्रीय नावं अधोरेखित करायची. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एका प्राध्यापकानं एकदा सगळा प्रबंध परत आणला, अधोरेखा राहिल्या म्हणून. त्यानंतर काकांनी वही केली. लांबट, लाल कापडी पाठीची हिशेबाची वही. त्यात प्रत्येक विषयाचे शब्द: टेक्टोना ग्रँडिस, खाली साग. गॉसिपियम, खाली कापूस. कोणतं नाव मोठ्या अक्षरानं सुरू होतं, कोणतं लहान. अर्थशास्त्राच्या पानावर कोष्टकांची मापं, किती घरं सोडून स्तंभ सुरू करायचा. मराठीच्या पानावर मशीनवर नसलेली जोडाक्षरं आणि ती कशी जुळवायची त्याच्या युक्त्या.

मी विचारलं, लिहिणाऱ्याच्या मजकुरात तुम्ही कधी बदल करायचे का? ते जरा वेळ वही चाळत राहिले. स्पेलिंग दुरुस्त करायचे, म्हणाले. वाक्य अर्धं राहिलं असेल तर फोन करायचे, फोन नसेल तर माणूस पाठवायचे. एकाच तक्त्यात बेरीज चुकली तर पेन्सिलीनं गोल करून ठेवायचे. आणि मग त्यांनी आपणहून सांगितलं ते असं. काही जण हस्तलिखित आणायचेच नाहीत. दुसऱ्याचा जुना बांधलेला प्रबंध आणायचे, आत पेन्सिलीच्या खुणा. इथून इथपर्यंत उतरवा, गावाचं नाव बदला, साल बदला.

“मग तुम्ही काय करायचे?”

“टाइप करायचो. पानाचे पैसे होते बाई.” मग थोडं थांबून, “मले काय समजते त्यातलं? पण दोन पोरायचं रिव्ह्यू एकच हाये, थे समजते.”

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचा मला हक्क नाही हेही कळलं. त्या बोटांखालून किती खरं काम गेलं आणि किती उचललेलं, हे त्या एका माणसाला ठाऊक होतं. परीक्षकांना नव्हतं. साम्य शोधणारं यंत्र आत्ता आलं, त्याच्या कितीतरी आधी यवतमाळात ते काम एक टायपिस्ट मनातल्या मनात करत होता आणि त्याला विचारायला कोणी आलं नाही. दोनदा मात्र त्यांनी काम परत केलं. शेवटचं प्रकरण तुम्हीच लिहून टाका, जास्तीचे पैसे देतो, असं सांगणारे ते दोघे. ते का परत केलं, उतरवून द्यायला चालतं तर लिहून द्यायला का नाही, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर साधं होतं. उतरवलेलं वाईट असलं तर ते त्या पोराचं वाईट. मी लिहिलेलं वाईट निघालं तर ते माझं.

हा फरक मी आजही पूर्ण पटवून घेऊ शकलेले नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतही अशीच एक फट आहे. २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. हे सगळं उतरवलेल्याला पकडतं. पैसे देऊन दुसऱ्याकडून नव्यानं लिहून घेतलेला मजकूर यंत्रात टाकला तर साम्य शून्य येऊ शकतं. माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या त्या दिवसांत मोबाइलवर एक मेसेज आला होता: सिनॉप्सिस ते व्हायवा, संपूर्ण साहाय्य, गोपनीयतेची हमी. मी तो लगेच पुसला असं सांगायला आवडेल. चार दिवस ठेवला होता. एकदा दर विचारायला टाइपही केलं, पाठवलं नाही.

मग लिहायला कोणाची मदत घेतली? दारव्ह्याला आमच्या ओळखीचे एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक आहेत. त्यांना बुरशीतलं काही कळत नाही. मी दर शनिवारी चार पानं घेऊन जायचे. ते मोठ्यानं वाचायचे आणि अडले की थांबायचे. एक शब्दही त्यांनी स्वतः लिहून दिला नाही. “हे ‘इट’ कोणाला?” एवढंच विचारायचे. माझी निम्मी वाक्यं त्या ‘इट’पाशी मेली. तिसरं प्रकरण पाच महिन्यांनी सरांनी ठेवून घेतलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत या कामासाठी रायटिंग सेंटर असतात. पर्ड्यू विद्यापीठानं १९९४ पासून आपलं लेखन-साहाय्य इंटरनेटवर फुकट ठेवलंय, इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ते बघाच. आपल्याकडे आयोगानं २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा कोर्स आणला. त्यात काय करू नये ते चांगलं शिकवतात. शनिवारचा माणूस मात्र ज्यानं त्यानं शोधायचा.

काकांकडे कॉम्प्युटर नव्वदच्या दशकाच्या शेवटी आला. पेजमेकर, कृतिदेव, श्रीलिपी. मशीनवर रेमिंग्टनची बोटं बसलेली, कृतिदेवचा कीबोर्ड जवळपास तसाच, त्यामुळे ते पंधरा दिवसांत तयार झाले. खोडाखोड संपली, तीन कार्बन संपले. पण या फॉन्टनं एक घोळ करून ठेवलाय तो आज तुमच्यापर्यंत पोचतो. कृतिदेवमध्ये पडद्यावर दिसतं मराठी, आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायला लावली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं शोधगंगा उभी केली. तिथे असे मराठी प्रबंध चढले. उघडून वाचता येतात, पण आत ‘बोंडअळी’ शोधा, सापडत नाही. साम्य तपासणाऱ्या यंत्रालाही त्यात मराठी दिसत नाही, कचरा दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर केलं तर रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. तेव्हा मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहा. टायपिंग बाहेर देणार असाल तर हे आधी ठरवून घ्या. माझ्या एका मैत्रिणीनं तीनशे पानं पुन्हा तपासली आहेत, दोन उन्हाळे गेले.

२०१७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ब्रूस होल्सिंगर यांनी एक गंमत सुरू केली होती. जुन्या विद्वान पुस्तकांतली आभाराची वाक्यं गोळा करायची, ज्यांत ‘माझ्या पत्नीनं टंकलेखन केलं’ एवढंच आहे आणि तिचं नाव नाही. बघता बघता ढीग लागला. नुसतं टायपिंगच नव्हे, कुठे बायकोनं जुन्या लिपीतले कागद वाचून दिलेले, कुठे सूची केलेली. ती वाक्यं वाचताना मला हिराइसा आठवल्या. त्यांचं नाव सातशे वर्षं टिकलं.

आपल्याकडची एक गोष्ट याहून चटका लावणारी आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली. तीत हस्तलिखित टाइप करण्यासाठी कष्ट घेणारे नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांचे आभार होते. पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये निघालं, आणि ती प्रस्तावना त्यात नव्हती. बाबासाहेबांनी टायपिस्टांना नावानिशी धन्यवाद दिले होते, छपाईत तेवढंच पान राहून गेलं.

माझा प्रबंध अजून व्हायचाय. दोन प्रकरणं बाकी आहेत, बाइंडिंग फार दूर. ऋणनिर्देशाचं पान मात्र मी लिहून ठेवलं. त्यात दारव्ह्याचे सर आहेत, जुने प्रबंध कंटाळा न करता काढून देणारे ग्रंथालयातले दोघे कर्मचारी आहेत. काकांनी माझं एकही पान टाइप केलेलं नाही, मी स्वतःच लॅपटॉपवर बडवते. तरी त्यांचं नाव घातलं आणि दाखवायला घेऊन गेले.

त्यांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं. “मायं नाव काढ,” म्हणाले, “मी काय केलं तुह्या थिसिसमंदी?” मग पेन्सिल घेतली आणि वरच्या परिच्छेदातल्या बुरशीच्या नावाखाली रेघ मारली. मी तिरपं करायला विसरले होते.